दोन-दहाचं माप

आज सकाळी माझ्या हातून बांगडी वाढली. आमच्या धंद्यात फुटली म्हणत नाहीत. कडावच्या पुतळाबाईंच्या उजव्या हातात सातवी बांगडी चढवत होतो, अंगठ्याचं हाड आत घेतलं होतं, आणि दुकानाच्या पायरीवरून आवाज आला, "नाना." कर्जतच्या बाजारात मला सगळेच नाना म्हणतात. पोस्टमन म्हणतो, भाजीवाली म्हणते. पण हा आवाज तीन वर्षांनी आला होता, आणि गिऱ्हाइकाचा हात हातात असताना माझी बोटं दचकली. पुतळाबाईंनी मनगटावरचा रक्ताचा थेंब पदराने टिपला आणि म्हणाल्या, "आसू द्या नाना, व्हतं कदी कदी. लेक आली जनू." मग त्यांची नजर लेकीच्या हातांवर गेली आणि त्या गप्प झाल्या. तिथे पाहून सगळेच गप्प होतात. माझी उमा कर्जतच्या कासाराची मुलगी, खालापूरच्या कासाराची सून. नवरा धडधाकट, आणि दोन्ही मनगटं भुंडी. ती बाकावर टेकली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "ती खालापुरात आहे. दोन महिने झाले. जानकीबाईंच्या घरी ठेवलंय. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत." मी दाराच्या चौकटीकडे बघत राहिलो. "येणार असाल तर पेटी घेऊन या," उमा म्हणाली, "नुसते येऊ नका." ती म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?

एसटीत उमा खिडकीशी बसली आणि मी पेटी मांडीवर घेऊन तिच्या शेजारी. चौकच्या रस्त्याला दोन्हीकडे भात कापून झालेल्या शेतांत वाल उभा होता. मी तिच्या मांडीवरच्या हातांकडे बघत होतो. मला माणसं हातांवरून कळतात, चेहऱ्यांवरून नाही. वडिलांनी गादीवर बसवलं त्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, परक्या बाईचा हात धरायचा तर डोळे मनगटाच्या वर जाता कामा नयेत. पन्नास वर्षं मी तेच केलं. एखादी बाई बाजारात समोरून हसत आली तर मला ओळख पटत नाही, पण तिने हात पुढे केला की तिची आई कोण हेसुद्धा सांगेन. बाईचा हात आयुष्यात तीन-चारदा तरी माप बदलतो. न्हाण आलं की भरतो. दिवस राहिले की सुजतो. कितीतरी बायकांना मी त्यांच्या सासूच्या आधी ओळखलं आहे आणि तोंड मिटून एक माप वरची बांगडी काढली आहे. बाळंतपणानंतर हात उतरतो, विटाळ बंद झाला की पुन्हा जड होतो, म्हातारपणी नुसता सापळा उरतो. दर वेळी त्या बिचाऱ्या ओशाळून म्हणतात, नाना, माझं माप बदललं वाटतं. आणि मी म्हणतो, बदलायचंच, बाई, देह आहे. देह आहे, हे मी हजारो बायकांना सांगितलं असेल. ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं त्याला सांगितलं नाही, आणि एसटी चौकला थांबेपर्यंत माझ्या डोक्यात तेवढं एकच वाक्य फिरत राहिलं.

त्याला हरी म्हणू की काय म्हणू? त्या दिवसांपुरतं हरीच म्हणतो, कारण तेव्हा मला दुसरं काही माहीत नव्हतं. उमाच्या वेळी माझी बायको गोदा बाळंतपणात गेली तेव्हा हरी, माझं थोरलं पोर, दहा वर्षांचा होता. उमाला त्यानेच वाढवलं. तिची वेणी तो घालायचा, कुंची तो शिवायचा, आणि शेजारणी म्हणायच्या, आईविना पोर पण आईची उणीव नाही. मला कौतुक वाटायचं. दुकानातही त्याचा हात असा हलका की पोरीबाळी म्हणायच्या, नाना तुम्ही नको, हरीला भरू दे. नऊ वर्षांचा असताना त्याने पहिला हात भरला तो स्टेशनमास्तरांच्या चारुलताचा. एकही बांगडी वाढली नाही. रात्रभर ते नाव घोळवत होता, चारुलता, चारुलता. मी म्हणालो, पुरे रे, तुझ्याशी लग्न नाही लावून देणार ते लोक. तो हसला नाही. पण त्याचा खरा जीव लाखेवर. माझ्या वडिलांची लाखेच्या कामाची शेगडी माळ्यावर धूळ खात पडली होती, ती त्याने उतरवून घेतली. निखाऱ्यावर लाख बेताने ऊन करायची, पाटावर लांब वळायची, दोन्ही टोकं जोडायची, आणि निमुळत्या लाकडी दांड्यावर चढवत चढवत हवं ते माप आणायचं. एखादीला घट्ट झाली तर तो टाकून द्यायचा नाही. पुन्हा शेकायचा, पुन्हा दांड्यावर चढवायचा. "नाना, काचेला एकच जन्म, लाखेला पाहिजे तितके," असं म्हणायचा. मी म्हणायचो, आणि उन्हात ठेवली तर तुझी लाख रडते, ते? तो म्हणायचा, रडू दे की.

चौसष्ट सालच्या श्रावणात, तो सतरा वर्षांचा असताना, मी दुपारी माल काढायला माळ्यावर गेलो. दुकानात बायकांची गर्दी होती, हिरव्या बांगड्या कमी पडल्या होत्या. माळ्यावर कौलांमधून कवडसा यायचा. त्या कवडशात हरी बसला होता, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून, आणि दोन्ही हात वर धरून काचेतून येणारा उजेड बघत होता. अंगावर त्याचाच सदरा होता. दुसरं काही नव्हतं, साडी नाही, कुंकू नाही. आज वाटतं, एक बाप शांतपणे खाली उतरून गेला असता. माझ्या डोक्यात मात्र खालची गर्दी होती. जन्मभर लोक एकमेकांना जी शिवी देतात, बांगड्या भर म्हणून, ती शिवी माझ्या घरात हात वर करून बसली होती. मी त्याची दोन्ही मनगटं धरली आणि एकमेकांवर आपटली. पुन्हा आपटली. नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या अशा फोडतात, आणि मी तर कासार. आमच्यातला माणूस तेवढं एक काम कधी करत नाही, मढ्याजवळ दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. काचेचा चुरा माळ्याच्या फळ्यांतून खाली गादीवर पडला. डाव्या मनगटावर नखाएवढी चीर पडून रक्त आलं. तो ओरडला नाही, हातही सोडवून घेतले नाहीत. माझ्याकडे बघून अगदी खऱ्या काळजीने त्याने विचारलं, "नाना, कोण गेलं?" मी खाली उतरलो आणि संध्याकाळपर्यंत बायकांना बांगड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी तो घरात नव्हता. सात वर्षांची उमा आठवडाभर आपल्या सुटलेल्या वेण्या घेऊन दारात बसायची. हिरव्या काचेचे कण अजूनही कधी कधी फळ्यांतून निघतात. मी लोकांना सांगितलं, मुंबईला नोकरी लागली. पहिली काही वर्षं चौकशी केली, नंतर तीही केली नाही. मी इतका वाईट माणूस नाही, असं मला वाटत असे.

इतका वाईट नाही याचा एक पुरावाही माझ्याकडे होता, आणि मी तो मनातल्या मनात अधूनमधून काढून बघायचो. माझे वडील गावाबाहेरच्या वस्तीत जायचे तेव्हा बांगड्या जमिनीवर ठेवून लांब उभे राहायचे, बायकांनी आपल्या आपण भरून घ्यायच्या. मी गादीवर बसलो आणि ते मोडलं. त्या लोकांनी बुद्धधर्म घेतला त्याच्याही आधीपासून मी त्या बायकांचे हात धरून बांगड्या भरत होतो, आणि बाजारातल्या चार लोकांनी तोंडं वाकडी केली तरी भरत राहिलो. कुणाचाही हात धरायला न भिणारा माणूस, असं माझं माझ्याविषयी मत होतं.

ते मत एकोणऐंशीच्या वैशाखात गेलं. उमाचं लग्न. मुलगा खालापूरचा, श्रीपत, आमच्यातलाच. लोक म्हणाले, चुडा भरायला दुसरा कासार बोलवा, तुम्ही वधूपिते. मी म्हणालो, माझ्या पोरीचा चुडा मीच भरणार. दुकानापुढे मांडव होता. रीतीप्रमाणे घरच्या सगळ्या बायकांनी आधी भरायच्या, थोरलीपासून धाकटीपर्यंत, आणि शेवटी नवरीने. बायका रांगेने येऊन बसत होत्या, हात पुढे करत होत्या, मी डोळे खाली घालून भरत होतो. मावशी झाली, आत्या झाली, चुलत बहिणी झाल्या. मग एक हात आला. मोठा हात. कातडी मऊ, लोण्यासारखी, लव नाही, नखं गोल घासलेली. मनगटावर निळ्या साडीचा काठ. मी हात धरला आणि अंगठा आत दाबायला गेलो, तर तो मी दाबायच्या आधीच आत दुमडला. बोटं सैल पडली, तळवा आपोआप नळीसारखा झाला. असा हात फक्त कासाराचं पोर देतं. गिऱ्हाइकाला ते कितीही शिकवलं तरी येत नाही, भीतीने हात ताठ होतोच. मी डावं मनगट उलटं केलं. नखाएवढा पांढरा वण होता. सगळं मांस नव्याने घडवलं होतं आणि हाडं तीच होती. माझं बोट त्या वणावर किती वेळ राहिलं, कोण जाणे. पेटीत दोन-दहाच्या, सगळ्यांत मोठ्या मापाच्या, हिरव्या बांगड्या माझ्या गुडघ्याला लागून होत्या. रांगेत शेजारीच उमाची होणारी सासू पारूबाई बसल्या होत्या. त्यांनी गोड आवाजात विचारलं, "ह्या कोण हो? मुलीकडच्या कोण लागतात?" सगळी रांग माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

एक शब्द पुरला असता. थोरली, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी हात खाली ठेवला आणि म्हणालो, "बाई, तुमचं माप नाही." धंद्यातलं हे जुनं खोटं आहे. गिऱ्हाईक टाळायचं असलं की कासार म्हणतो माप नाही, आणि ज्याला कळायचं त्याला कळतं. कासाराच्या पोराला तर हमखास कळतं. समोरचा हात जरा वेळ तसाच राहिला. मग दोन्ही हात जोडले गेले. बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला नमस्कार करते, ही आमची रीत. तिने रिकाम्या हातांनी केला, आणि निळा काठ माझ्या नजरेतून उठून गेला. मी चेहरा पाहिला नाही. पुढचा हात पारूबाईंचा होता, दोन-चार.

मांडवपरतणीला उमा आली तेव्हा तिने गादीवर बसून एकेक करून सगळा चुडा उतरवला आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "मीच बोलावलं होतं तिला. थोरलीच्या आधी धाकटीचा हात भरत नाहीत, नाना. तुम्हीच शिकवलंत." तेव्हा मला कळलं की शाळेत असल्यापासून उमाला मैत्रिणीच्या पत्त्यावर पत्रं येत होती. मुंबईत आधी कुठे कुठे धक्के खाल्ले, टाळ्या वाजवून मागणाऱ्यांनीच दोन वर्षं सांभाळलं, मग बांगड्यांच्या वखारीत माल निवडायचं काम लागलं. तिथल्या एका इस्पितळात वर्षानुवर्षं सुया, नंतर शस्त्रक्रिया. नाव घेतलं चारुलता. कासाराच्या घरात चारुलता! मला हसू आलं असतं, पण उमा माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, असं कसं कुणी देहाला करू शकतं? उमा म्हणाली, "तिने मला लिहिलं होतं, मला तापवून पुन्हा वळवलंय, दुखलं फार, पण लाख तीच आहे." मग ती उठली आणि खालापूरला गेली, आणि तीन वर्षं आली नाही. श्रीपत भला माणूस, तो बायकोच्या हातांवरून एक शब्द बोलला नाही. पारूबाई वर्षभर आकांडतांडव करून थकल्या. मी ते दोन-दहाचं डझन लग्नाच्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलं, आणि तेव्हापासून जिथे जाईन तिथे ते ओझं बरोबर आहे. कडावच्या बाजारात, भिसेगावच्या घराघरांत, पुढ्यात मोठा हात आला की आधी डावं मनगट उलटं करून बघतो. बायकांना वाटतं, नाना म्हातारे झाले.

जानकीबाई खालापूरच्या दवाखान्यात आया होत्या. हमरस्त्यापलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, जमीन शेणाने सारवलेली. त्यांनी दारातच माझ्या पेटीकडे बघितलं. "या," म्हणाल्या. "माझं म्हायेर तुमच्या कर्जतचंच हाय. तुमचं वडील माझ्या आयसमोर बांगड्या खाली ठेवायचं. तुमी हात धरून भरल्या. म्हून म्या उमाला बोलले, बोलाव, ह्यो मानूस येल. पन लई येळ केलात तुमी." माझ्या एकुलत्या एका पुराव्याचा त्यांनी असा उपयोग केला होता. मला मान वर करता येईना. मी तशाच खाली डोळ्यांनी आतल्या खोलीत गेलो, खाटेशी जमिनीवर बसलो, पेटी पुढे ठेवली. समोर हात आले. आणि मी पहिल्यांदा, पन्नास वर्षांत पहिल्यांदा, डोळे मनगटावरून वर नेले. दंड, खांदा, गळा, मग चेहरा. गोदा बसली होती. गोदा पस्तिशीची कधी झालीच नाही, झाली असती तर अशी दिसली असती, छातीच्या दुखण्याने गाल बसलेले, कपाळावर बारीकशी टिकली. मला रडू फुटलं. तीन वर्षांपूर्वी मान वर केली असती तर मी माप नाही म्हणू शकलो असतो का, हे मला आता कधीच कळणार नाही.

"माप आहे का, नाना?" तिने विचारलं. आवाजात खोच नव्हती. खरंच विचारत होती.

आहे म्हणालो. वर्तमानपत्राची पुडी सोडली. तिने वरची तारीख वाचली आणि हात पुढे केले. मी उजवा हात धरला. अंगठा दाबायच्या आधीच आत दुमडला. बांगडी घातली, आणि माझ्या बोटांना काही करावंच लागलं नाही. हाडांवरून ती नुसती सरकत मनगटाशी गेली, आणि मी हात सोडताच तशीच सरकत खाली आली, बोटांवरून सुटली आणि जमिनीवर पडली. शेणाची जमीन, म्हणून वाढली नाही. मी ती उचलली. पुन्हा हात चाचपला. ज्या हातावरून मी तिला ओळखलं होतं त्यातलं सगळं मांस गेलं होतं, हिने इतकं सोसून मिळवलेलं मांस. दोन-दहाच्या हातात आता दोन-चारसुद्धा बसली असती. मी पेटीतल्या दुसऱ्या सरी चाळायला लागलो. म्हणालो, दोन-सहा देतो, नीट बसेल, दोन-चार बघू, मापाच्या खूप आहेत माझ्याकडे. माझा आवाज मलाच दुकानातला वाटत होता.

"नको," ती म्हणाली, "त्याच भरा. त्या माझ्या मापाच्या आहेत. मी हात वर धरून बसते."

मग मी त्याच भरल्या. उजव्या हातात सहा, डाव्यात सहा, आणि कासार आपल्या खुशीने डाव्या हातात एक जास्त घालतो ती तेरावी, तीही दोन-दहाचीच हुडकून. पांढऱ्या वणावरून एकेक बांगडी पुढे नेली, एकही वाढली नाही. ती उशीला टेकून दोन्ही हात वर धरून बसली. बांगड्या कोपराकडे सरकल्या. जानकीबाईंच्या खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, ते हिरवं होऊन तिच्या गळ्यावर पडलं, आणि ती मान मागे करून ते बघत राहिली. सतरा वर्षांचं पोर माळ्यावर जसं बघत होतं तसंच. "आता हिला भरा," ती म्हणाली. उमा पुढे सरकली आणि तीन वर्षांचे भुंडे हात तिने माझ्या मांडीवर ठेवले. मी भरायला लागलो. पण माझं लक्ष मागे होतं. चौथ्या बांगडीला वर धरलेले हात थरथरायला लागले होते, काच काचेवर हळूहळू वाजत होती. मी घाई केली. जन्मात कधी घाईने हात भरला नव्हता. उमा ओठ आवळून बसली, तिला दुखत होतं, पण ती हळू म्हणाली नाही.

झालं. उमाने वाकून नमस्कार केला. मग थोरलीनेही हात जोडायला घेतले, आणि ते जरासे खाली येताच बांगड्या घरंगळत मनगट ओलांडून बोटांपर्यंत आल्या. ती तशीच थांबली, अर्धे खाली, अर्धे वर. पुन्हा हात वर नेले आणि म्हणाली, "नमस्कार राहिला."

तो तिने तीन वर्षांपूर्वीच केला होता, रिकाम्या हातांनी. कासाराने गिऱ्हाइकाला नमस्कार करायचा नसतो, आणि बापाने लेकीला तर नाहीच. मी पेटी बाजूला सारली आणि सारवलेल्या जमिनीवर डोकं टेकलं. "चारू," मी म्हणालो. ते नाव माझ्या तोंडातून पहिल्यांदा निघालं. डोकं उचलावं असं वाटेना. वर काच वाजत होती, आधी हळू, मग जोरात.

"उठा, नाना," ती म्हणाली. "माझे हात भरून आलेत."

मी उठलो आणि तिची दोन्ही मनगटं खालून धरली. कर्जतची साडेसहाची एसटी गेली तेव्हा मी तसाच बसलो होतो.